'द लिव्हिंग कंपनी'मध्ये मेलेल्या कंपन्या कुठे आहेत?

उद्योग वर्षानुवर्षं का टिकतात, या विषयावर वाचायला लागलात की आरी द ग्यूस यांचं 'द लिव्हिंग कंपनी' (१९९७) हाताशी येतंच. जरूर वाचा, पण पेन्सिल घेऊन बसा.

पुस्तकाचा पाया म्हणजे 'शेल'ने १९८३ मध्ये केलेला अभ्यास. त्यात खूप जुन्या २७ कंपन्या बारकाईने तपासल्या आणि चार समान गुण काढले: परिस्थितीची जाण, आपलेपणा, नव्या प्रयोगांना मोकळीक आणि पैसा जपून वापरणं. कंपनी म्हणजे नफ्याचं यंत्र नव्हे, ती एक जिवंत गोष्ट आहे, हा विचार मला पटतो. अडचण पुराव्याची आहे. हेच गुण असूनही किती कंपन्या बुडाल्या? ते मोजलेलंच नाही.

आता वसईत या. १९१८ साली स्थापन झालेली बॅसीन कॅथॉलिक सहकारी बँक आजही चालू आहे. तुम्ही शोधनिबंधात लिहाल, "समाजाची एकजूट आणि सभासदांचा विश्वास यामुळे बँक टिकली." वाचायला छान, पण सिद्ध काय झालं?

तिच्या शेजारी पुण्याची रुपी सहकारी बँक ठेवा. स्थापना १९१२. २०१२ मध्ये पाहणी केली असती, तर शंभरी गाठलेली म्हणून तीही 'टिकलेल्यां'च्या यादीत बसली असती. २०१३ मध्ये रिझर्व्ह बँकेने निर्बंध लादले, २०२२ मध्ये परवाना रद्द केला. मध्ये ठेवीदारांची नऊ वर्षं गेली. शंभर वर्षांचा विश्वास तिच्याकडेही होताच की! म्हणजे नुसता विश्वास पुरत नाही. 'जपून पैसा' हा गुण कदाचित या तुलनेतही टिकेल, पण तो तपासावा लागेल.

म्हणून प्रस्ताव लिहिताना तीन गोष्टी करा. एक, टिकलेल्यांसोबत त्याच काळातल्या, त्याच प्रकारच्या बुडालेल्या संस्था घ्या. दोन, 'टिकणं' म्हणजे काय ते आधी ठरवा. विलीन झालेली बँक जिवंत धरायची की मेलेली? तीन, गुण मोजायचे ते जुन्या ताळेबंदांवरून, निकाल लागायच्या आधीचे. बुडालेल्या बँकेला मागाहून बेफिकीर म्हणणं सोपं असतं.

ही काटेकोर पद्धत कशाला, असं वाटेल. पण आपल्या निष्कर्षावर भरवसा ठेवून उद्या कुणीतरी आयुष्याची पुंजी 'जुनी बँक आहे' म्हणून ठेवणार असतं.