ऑस्कर वाइल्डच्या नाटकांतील वाक्चातुर्य : उक्ती आणि संदर्भ

प्रस्तावना :
ऑस्कर वाइल्ड (१८५४-१९००) हा व्हिक्टोरियन कालखंडातील आयरिश नाटककार व कवी. त्याची वचने सुभाषितसंग्रहांतून इतक्यांदा उद्धृत झाली आहेत की, वाइल्ड म्हणजे चमकदार वचनांचा कर्ता असे समीकरणच रूढ झाले आहे. नाटकातील उक्ती मात्र पात्राची असते आणि तिचे मोल त्या पात्राच्या कृतीवरून ठरते. 'अ वुमन ऑफ नो इम्पॉर्टन्स' (१८९३) या नाटकाच्या आधारे प्रस्तुत लेखात या मुद्द्याचा विचार केला आहे.

विनोदाची घडण :
वाइल्डच्या विनोदाचे प्रमुख साधन विरोधाभास हे होय. सर्वमान्य नीतिवचनाचा साचा तो कायम ठेवतो आणि त्यातील मोक्याचा शब्द उलटवतो. त्यामुळे प्रतिष्ठित समाजाच्या नीतिमत्तेमागचा व्यवहार उघडा पडतो. 'द इम्पॉर्टन्स ऑफ बीइंग अर्नेस्ट' (१८९५) मधील लेडी ब्रॅकनेल वही-पेन्सिल घेऊन उपवराची चौकशी करते, तेव्हा विवाहसंस्थेचे आर्थिक अधिष्ठान कोणत्याही भाष्याविना स्पष्ट होते.

उक्ती आणि कृती :
'अ वुमन ऑफ नो इम्पॉर्टन्स'मधील सर्वाधिक चतुर वाक्ये लॉर्ड इलिंगवर्थच्या तोंडी आहेत. त्यांपैकी काही वाइल्डने 'द पिक्चर ऑफ डोरियन ग्रे' या आपल्याच कादंबरीतील लॉर्ड हेन्रीकडून घेतली आहेत. याच इलिंगवर्थने तरुणपणी मातृत्वाच्या उंबरठ्यावर असलेल्या एका स्त्रीशी लग्न करण्यास नकार दिला आहे. पहिल्या अंकाच्या अखेरीस तो तिचा उल्लेख एक नगण्य स्त्री म्हणून करतो. नाटकाच्या शेवटी ती स्त्री, मिसेस आर्बथनॉट, तोच शब्दप्रयोग लिंग बदलून त्याच्यासाठी वापरते. शब्द उलटवणे हे ज्याचे शस्त्र, त्याच्यावरच ते उलटते. एरवी तिच्या बोलण्यात चमक नाही. तिथे सोसलेपण आहे. प्रेक्षक ज्या वाक्यांना हसले, त्यांची किंमत कोणी मोजली, हे तिच्यामुळे कळते.

संदर्भतुटीचे परिणाम :
१८९५ मध्ये वाइल्डने क्वीन्सबरीच्या मार्क्विसवर बदनामीचा खटला भरला. प्रतिवादीचे वकील एडवर्ड कार्सन यांनी उलटतपासणीत या कादंबरीतील उतारे आणि वाइल्डने १८९४ मध्ये प्रसिद्ध केलेली सुटी वचने त्याच्यासमोर ठेवली. पात्रांची मते ही लेखकाचीच मते होत, असे त्यामागचे गृहीतक होते. वाइल्डने विनोदाने उत्तरे दिली. परंतु एका तरुणाविषयीचे थट्टेखोर उत्तर त्याला महागात पडले. पुढे त्याच्यावरच फौजदारी खटला होऊन समलिंगी संबंधांबद्दल त्याला २ वर्षांची सक्तमजुरी झाली. कारावासानंतरच्या 'द बॅलड ऑफ रीडिंग जेल' (१८९८) या काव्यात ही खेळकर उक्ती जवळजवळ लोप पावते.

समारोप :
वाइल्डने स्वतः सुटी वचने लिहिली, हे खरे. तथापि त्याच्या नाटकांतील शहाणपण एकेका वाक्यात सापडत नाही. ते वाक्य आणि त्याचा परिणाम यांमधील अंतरात आहे. कार्सन यांनी दोषारोपासाठी जे केले, तेच सुभाषितसंग्राहक कौतुकापोटी करतात. अध्यापनात वाइल्डची उक्ती देताना ती कोण, कोणाला आणि कोणत्या प्रसंगी म्हणतो, हे सांगणे म्हणूनच अगत्याचे ठरते.