दांडेकर, विनायक महादेव
(१९२०–९५). भारतीय अर्थशास्त्रज्ञ. जन्म सातारा येथे. धनंजयराव गाडगीळांनंतर पुण्याच्या गोखले राज्यशास्त्र व अर्थशास्त्र संस्थेचे संचालक. धोरणविचाराला संख्याशास्त्राची शिस्त लावणे, हे त्यांचे मुख्य कार्य. नीलकंठ रथ यांच्यासह केलेल्या भारतीय दारिद्र्याच्या अभ्यासात (१९७१) ज्या खर्चपातळीवर दरडोई दररोज सरासरी २,२५० कॅलरींचा आहार घेतला जातो, ती त्यांनी दारिद्र्यरेषा मानली. सातारा जिल्ह्यातीलच बुध (खटाव तालुका) गावचे पां. वा. सुखात्मे यांचा आक्षेप असा, की शरीराची ऊर्जेची गरज बदलती असते. सरासरीहून कमी खाणारा प्रत्येकजण कुपोषित नसतो. हा आक्षेप शास्त्रशुद्ध खरा. पण रेषा खर्चाची होती, प्रकृतीची नव्हे.

सरासरीची उणीव अधिक जाणवते ती दांडेकरांच्या अध्यक्षतेखालील प्रादेशिक असमतोलविषयक सत्यशोधन समितीच्या अहवालात (१९८४). राज्याच्या सरासरीशी जिल्ह्याची तुलना करून समितीने सुमारे ३,१८७ कोटी रुपयांचा अनुशेष काढला. अशा मोजणीत साताऱ्यातील माण-खटाव आणि सांगलीतील जत-आटपाडी हे अवर्षणप्रवण तालुके कराड-वाळव्याच्या उसाआड झाकले जातात. १९९४ मध्ये विकास मंडळे स्थापन झाली, तेव्हाही ते ‘उर्वरित महाराष्ट्रा’तच मोडले.