गौण पात्रांचे बिल्ले : पात्रविचाराच्या दृष्टीने

व्यंगचित्रपटांतील दुय्यम पात्रांचे बिल्ले जमविण्याचा छंद वरवर पाहता साहित्यविचाराच्या कक्षेबाहेरचा वाटेल. परंतु कथेतून अलग काढलेले पात्र कितपत पात्र उरते, या जुन्या प्रश्नाचे इतके उघड उदाहरण क्वचितच आढळते.

या छंदाचे आजचे रूप अमेरिकेत घडले. फ्लॉरिडातील वॉल्ट डिस्ने वर्ल्ड या उद्यानसमूहात १९९९ च्या ऑक्टोबरात बिल्ल्यांची अदलाबदल सुरू झाली व लवकरच ती कॅलिफोर्नियातील डिस्नेलँडमध्ये पोहोचली. सेवकाच्या गळपट्ट्यावरील एक बिल्ला घ्यावा, आपला एक द्यावा, असा नियम. या व्यवहारात नायक आणि नायकाच्या घरचे मांजर यांचे मोल सारखेच. संग्राहकांच्या आपसांतील व्यवहारात मात्र हे समत्व टिकत नाही. मर्यादित संख्येने काढलेल्या बिल्ल्यांचा भाव तेथे चढतो.

सोस्यूरने मूल्याची कल्पना विशद करताना नाण्याचा दृष्टान्त दिला आहे. नाणे भिन्न वस्तूच्या बदल्यात देता येते आणि सजातीय नाण्यांशी ताडून पाहता येते. बिल्ल्यालाही ही दोन्ही अंगे आहेत. पण येथे एक स्थित्यंतर घडते. चित्रपटात जे पात्र नायकाच्या संबंधाने गौण होते, ते संग्रहात शेजारच्या बिल्ल्याहून केवळ भिन्न असते. एका व्यवस्थेतून दुसऱ्या व्यवस्थेत जाताना त्याचे गौणत्वच गळून पडते.

हे गौणत्व म्हणजे उणेपणा नव्हे. संस्कृत नाट्यविचाराने प्रासंगिक वृत्ताचे पताका व प्रकरी असे दोन भेद केले. सुग्रीवाचा वृत्तान्त दूरवर चालतो, ती पताका. जटायूचा एका प्रसंगापुरता, ती प्रकरी. प्रकरीतील पात्राला स्वतःचे फल नसते. परार्थता हेच त्याचे सार होय. सीतेवाचूनचा जटायू हा केवळ एक पक्षी ठरेल.

या कसोटीवर दोन पात्रे तपासता येतील. ‘पिनोकिओ’ (१९४०) या चित्रपटातील फिगारो हे मांजराचे पिल्लू बोलत नाही. जेपेट्टोने खिडकी उघडावयास सांगताच ते उबदार अंथरुणातून कुरकुरत उठते. त्याचा सारा स्वभाव त्या अंगविक्षेपात आहे. धातूवर उठविलेल्या कडांच्या खणांत मिना भरून काढलेली आकृती ही मुद्रा पुष्कळशी राखू शकते. ‘द ब्लॅक कॉल्ड्रन’ (१९८५) मधील गुर्गीची गोष्ट निराळी आहे. तो भाषेने ओळखला जातो: स्वतःचा उल्लेख नावाने करणारी, यमक जुळविणाऱ्या जोडशब्दांनी भरलेली अशी त्याची बोली. भित्रा म्हणून हिणविला गेलेला हा प्राणी अखेरीस मित्रासाठी स्वतःला त्या मृत्युकढईत झोकून देतो. बिल्ल्यावर उरते ते एक केसाळ ध्यान. त्याची वाणीही नाही आणि भीतीपासून आत्मार्पणापर्यंतचा प्रवासही नाही.

यावर असा आक्षेप संभवतो की, बिल्ला हे स्मृतीचे निमित्त असून उरलेले संग्राहक स्वतः पुरवितो. आक्षेप रास्त आहे; ‘द ब्लॅक कॉल्ड्रन’ व्यवसायदृष्ट्या अपयशी ठरल्यामुळे गुर्गीला जपणाऱ्याची निष्ठा विशेषच म्हटली पाहिजे. तथापि येथेच दोन प्रकारच्या दुर्मिळतांत विवेक करणे अगत्याचे ठरते. एक निर्मात्याने संख्या ठरवून आगाऊ उत्पन्न केलेली. दुसरी विस्मरणातून आलेली. पहिलीच्या मागे धावणारा संग्राहक केवळ अंक जमवितो, आणि त्या अंकावर कोणते पात्र आहे हे त्याच्या दृष्टीने आनुषंगिक असते. दुसरीकडे वळणारा मात्र निवड करतो. कथेने ज्याच्याकडे ओझरते पाहिले त्याच्याकडे पुन्हा पाहावे, असा निर्णय त्या निवडीत असतो. आणि असा निर्णय हा समीक्षाव्यापाराचाच आरंभ होय.

सारांश, बिल्ला गौण पात्राला कथेच्या दास्यातून सोडवितो, परंतु त्याच्या थोरवीचे कारणही त्याच दास्यात होते. ते कारण ज्याच्या स्मरणात आहे त्याच्याच संग्रहात ते पात्र जिवंत राहते. इतरत्र उरतो तो मिना.