उत्तर चुकले की प्रश्न?

चार-पाच वर्षांच्या मुलासमोर मण्यांच्या दोन सारख्या ओळी मांडा. 'दोन्हींत सारखेच मणी आहेत का?' असे विचारल्यावर मूल 'हो' म्हणते. आता त्याच्या देखत एका ओळीतले मणी दूरदूर सरकवा आणि तोच प्रश्न पुन्हा विचारा. बहुतेक मुले लांब ओळीत जास्त मणी आहेत असे सांगतात. जाँ पियाजे (१८९६-१९८०) यांनी यावरून असा निष्कर्ष काढला, की मांडणी बदलली तरी संख्या तीच राहते हे या वयात उमगलेले नसते.

मार्गारेट डोनाल्डसन यांचे 'चिल्ड्रन्स माइंड्स' (१९७८) हे पुस्तक या प्रयोगाच्या पद्धतीवरच बोट ठेवते. मोठे माणूस मुद्दाम मणी हलवते आणि लगेच तोच प्रश्न विचारते, तेव्हा काहीतरी बदलले असणार असे मुलाला वाटणे साहजिक आहे. मूल शब्दांइतकाच विचारणाऱ्याचा हेतूही वाचत असते. १९७४ साली मॅकगॅरिगल आणि डोनाल्डसन यांनी ४ ते ६ वर्षांच्या ८० मुलांवर हा प्रयोग केला. नेहमीच्या पद्धतीत १३ मुलांचे उत्तर बरोबर आले; एका खोडकर खेळण्यातल्या अस्वलाने ओळ विस्कटली, तेव्हा ५० मुलांचे!

हा युक्तिवाद आम्हाला पटतो, पण पुरता नाही. अस्वलाच्या गमतीत मुलांनी मण्यांकडे पाहिलेच नसेल, तर 'सारखेच' हे उत्तर आयतेच बरोबर ठरते. १९८६ साली मूर आणि फ्राय यांनी अस्वलाकरवी मण्यांची संख्या खरोखर बदलली, तेव्हा अस्वलामुळे मुलांची उत्तरे उलट चुकू लागली. म्हणजे पियाजेंनी मुलांना कमी लेखले असेल, तर अस्वलाने काहींना जास्त गुण दिले असतील.

तरीही पुस्तकाचे मोल कमी होत नाही. वर्गात मूल 'सात' म्हणते, शिक्षक 'पुन्हा सांग' म्हणतात, आणि मूल घाईने 'आठ' म्हणते. आधीचे उत्तर बरोबर असले तरी! 'पुन्हा सांग' म्हणजे 'चुकले' हे ते शाळेतच शिकलेले असते. अशा वेळी आपण त्याचे गणित तपासतो की आपल्या चेहऱ्यावरचे भाव ओळखण्याची त्याची हुशारी? बरोबर उत्तरालाही 'कशावरून?' असे विचारण्याची सवय लावली, तर हा गोंधळ बराच टळेल. मूल 'ढ' आहे असे ठरवण्यापूर्वी एवढे तरी करायला हवे.