अनुपस्थित मालकाचा शोध : सीमापार दूरस्थ श्रमाचे चित्रण करणाऱ्या तीन कलाकृती

गोषवारा : मायदेशी राहून परदेशी मालकासाठी दूरसंचाराच्या साहाय्याने काम करणारा कामगार हा २००० नंतरच्या साहित्यात व चित्रपटांत दिसू लागलेला नवा नायक आहे. प्रस्तुत लेखात चेतन भगत यांची ‘वन नाइट अ‍ॅट द कॉल सेंटर’ (२००५) ही इंग्रजी कादंबरी, आशिम अहलुवालिया यांचा ‘जॉन अँड जेन’ (२००५) हा माहितीपट आणि अलेक्स रिव्हेरा यांचा ‘स्लीप डीलर’ (२००८) हा चित्रपट यांचा तौलनिक विचार केला आहे. दृष्टीआड असलेल्या मालकाला कलाकृती कोठे व कशी शोधते, हा येथे मूल्यमापनाचा निकष मानला आहे.

बीजसंज्ञा : दूरस्थ श्रम, कॉल सेंटर, सीमा, रातपाळी, मालक-कामगार संबंध.

१. प्रस्तावना

स्थलांतर म्हटले की बोचके घेऊन निघालेला माणूस आपल्या डोळ्यांसमोर येतो. माहिती तंत्रज्ञानाने या चित्राला छेद दिला. माणूस जागेवरच राहतो आणि त्याचे श्रम तेवढे सीमा ओलांडतात. समाजशास्त्रज्ञ ए. अनीश यांनी २००६ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात या प्रक्रियेला ‘व्हर्च्युअल मायग्रेशन’ असे नाव दिले. मराठीत त्यास ‘आभासी स्थलांतर’ म्हणता येईल. मात्र या संज्ञेतील ‘आभासी’ हा शब्द फसवा आहे, कारण त्यातील श्रम, थकवा आणि जागरण अगदी खरे असते.

या विषयावरील कलाकृतींची चर्चा बहुधा अस्मितेच्या अंगाने झाली आहे. बदललेले नाव, घोटून घेतलेले परदेशी उच्चार, पाश्चात्त्य जीवनशैलीचे आकर्षण आणि त्यातून निर्माण होणारा दुभंग हे या चर्चेचे नेहमीचे मुद्दे आहेत. ते चुकीचे नाहीत. परंतु केवळ त्यांवर भर दिल्याने एक मूलभूत प्रश्न बाजूला पडतो. या कामगाराचा मालक कोण, तो कोठे आहे आणि कामगाराच्या जिवाची जबाबदारी कोणाची, हा तो प्रश्न होय.

२. मराठी परंपरेतील पूर्वपीठिका

श्रमाच्या चित्रणाची मराठी परंपरा समृद्ध आहे. नारायण सुर्वे यांचा ‘माझे विद्यापीठ’ (१९६६) हा संग्रह किंवा गिरणी संपानंतरच्या एका कुटुंबाची वाताहत दाखवणारे जयंत पवार यांचे ‘अधांतर’ (१९९७) हे नाटक ही त्याची ठळक उदाहरणे. गिरणगावाच्या या साहित्यविश्वात मालक रंगमंचावर नसला तरी त्याचा पत्ता ठाऊक असतो. गिरणीला फाटक असते, भोंगा असतो, पाळी असते, जॉबर असतो. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपात सुमारे अडीच लाख कामगार उतरले. तो संप फसला, परंतु कोणाविरुद्ध लढायचे याविषयी त्यांच्या मनात संभ्रम नव्हता.

पुढे त्याच मुंबईत गिरण्यांच्या जागी मॉल आणि कार्यालयांच्या इमारती उभ्या राहिल्या. रातपाळी संपली नाही. तिचे स्वरूप तेवढे बदलले. भोंग्याची जागा लॉग-इनने घेतली आणि जॉबरची जागा टीम लीडरने. मालक मात्र सातासमुद्रापार गेला. या बदलाला कथनात कसे बसवावे, ही पुढील तीनही कलाकृतींसमोरील खरी अडचण आहे.

३. ‘वन नाइट अ‍ॅट द कॉल सेंटर’ : खलनायकाची सोय

भगत यांच्या कादंबरीत गुडगावच्या एका कॉल सेंटरमधील सहा कर्मचाऱ्यांची एक रात्र चित्रित झाली आहे. अमेरिकेतील घरगुती उपकरणांच्या ग्राहकांना ते मदत करतात. श्याम हा ‘सॅम’ होतो, राधिका ‘रेजिना’ होते. कादंबरीची लोकप्रियता मोठी होती आणि २००८ साली तिच्यावर ‘हॅलो’ हा हिंदी चित्रपटही आला. कामाच्या जागेचे तपशील, कंटाळा, सहकाऱ्यांतील थट्टा आणि प्रत्येक कॉलवरील नियंत्रण हे भगत सहजपणे टिपतात. हे त्यांचे श्रेय मान्य केले पाहिजे.

परंतु संघर्षाची उभारणी तपासली असता निराळे चित्र दिसते. कादंबरीचा खलनायक आहे बक्षी हा स्थानिक व्यवस्थापक. तो कामचुकार आहे, इतरांचे काम आपल्या नावावर खपवतो आणि बोस्टनला जाण्याची स्वप्ने पाहतो. अमेरिकी कंपनी मात्र केवळ एक नाव म्हणून उरते. नोकरकपातीचा निर्णय जेथे होतो, तेथे कथन कधीच पोहोचत नाही. कर्मचाऱ्यांची गाडी बांधकामाच्या खड्ड्यावर अडकते आणि त्यांना थेट ईश्वराचा फोन येतो. एका अर्थी ही कल्पना विषयाशी सुसंगत आहे. दुरून येणारा आवाज हेच या माणसांचे जग. पण जेथे मालकाचा फोन लागायला हवा होता तेथे देवाचा फोन लागतो आणि प्रश्न आत्मविश्वासाचा होऊन बसतो. व्यवस्थेतील दोष व्यक्तीच्या भित्रेपणात विरघळून जातो.

याहून उद्बोधक आहे तो उपाय. वरुण ऊर्फ व्रूम हा अमेरिकेसाठी रात्री जागणाऱ्या तरुण पिढीविषयी आवेशपूर्ण भाषण करतो. त्यानंतर ही मंडळी कॉल सेंटर वाचवण्यासाठी अमेरिकी ग्राहकांना संगणकावरील हल्ल्याची खोटी भीती घालतात, जेणेकरून त्यांनी वारंवार फोन करावेत. म्हणजे ज्या कामाचा एवढा धिक्कार केला तेच काम वाढवण्यासाठी ही सारी खटपट! पस्तीस वर्षांच्या अमेरिकी माणसाची बुद्धी दहा वर्षांच्या भारतीय मुलाएवढी, हे प्रशिक्षणवर्गातील सूत्र येथे कथानकाचे सूत्र बनते. पलीकडच्या टोकाचा सामान्य ग्राहक, जो स्वतःही एखाद्या कंपनीचा नोकर असू शकतो, तो हास्यास्पद ठरतो. करार करणारी कंपनी सुटते. मालकावरचा राग ग्राहकावर काढून लेखक वाचकाला समाधान देतो, आणि हे समाधान स्वस्त आहे.

४. ‘जॉन अँड जेन’ : रिकामी जागा

अहलुवालिया यांचा माहितीपट मुंबईतील एका कॉल सेंटरमध्ये काम करणाऱ्या सहा जणांभोवती फिरतो. त्यांची ओळख त्यांच्या अमेरिकी नावांनी होते. कोणी कामाला विटलेला आहे, कोणी अमेरिकी समृद्धीच्या स्वप्नाने भारावलेला आहे, तर एका तरुणीने केस सोनेरी केले आहेत आणि तिची बोली कामाबाहेरही पूर्णपणे बदललेली आहे. निरीक्षणाने सुरू झालेला हा माहितीपट हळूहळू विज्ञानकथेसारखा भासू लागतो. मॉल, नवी गृहसंकुले, पहाटेचे निर्मनुष्य रस्ते यांच्या चित्रीकरणामुळे शहर स्वतःलाच अनोळखी होते.

दिग्दर्शकाने कोणाचाही निवाडा केलेला नाही. त्या सोनेरी केसांच्या तरुणीकडे पाहून हसू येण्याची शक्यता असते. पण कॅमेरा इतका वेळ थांबतो की ते हसू टिकत नाही. मालक येथेही दिसत नाही. मात्र भगत यांच्या कादंबरीत ही रिकामी जागा बक्षीने भरून काढली होती; येथे ती रिकामीच ठेवली आहे. प्रशिक्षणवर्गात अमेरिकी जीवनाचे धडे मिळतात, यंत्रातून ग्राहकांचे आवाज येतात, आणि आज्ञा देणारा कोणीच नसतो. हे मौन अर्थपूर्ण आहे.

तरीही या माहितीपटाची एक मर्यादा नोंदवली पाहिजे. सहा माणसे सहा स्वतंत्र प्रकरणांत विभागली गेल्याने त्यांचे परस्परसंबंध जवळजवळ दिसत नाहीत. एकाकीपणा हा या कामाचा परिणाम आहे, की रचनेने तो अधिक गडद केला आहे, हे प्रेक्षकाला ठरवता येत नाही. वेतन, रजा, करार हे विषयही परिघावरच राहतात. अस्मितेच्या चर्चेला या कलाकृतीने सूक्ष्मता दिली. श्रमाच्या चर्चेच्या मात्र ती उंबरठ्यावर थांबते.

५. ‘स्लीप डीलर’ : सीमेची पुनर्मांडणी

रिव्हेरा यांचा चित्रपट मेक्सिकोतील आहे. त्याची पार्श्वभूमी समजून घेणे आवश्यक आहे. १९४२ ते १९६४ या काळात ‘ब्रासेरो’ योजनेखाली मेक्सिकन शेतमजुरांना अमेरिकेत कंत्राटावर नेले जात होते. श्रम हवेत, पण श्रमिक कायमचा नको, ही त्या योजनेमागील भूमिका होती. ‘व्हाय सायब्रासेरोज?’ (१९९७) या उपरोधिक लघुपटात रिव्हेरा यांनी ती तर्काच्या टोकाला नेली : मजुराने मेक्सिकोतच बसावे आणि अमेरिकेतील यंत्रमानव दुरून चालवावा. ‘स्लीप डीलर’ हा या कल्पनेचा विस्तार होय.

ओआहाका प्रांतातील मेमो हा शेतकऱ्याचा मुलगा. गावची नदी एका कंपनीच्या धरणाने अडवली आहे. दुरून चालवलेल्या ड्रोनच्या हल्ल्यात त्याचा निरपराध बाप मारला जातो. मेमो तिहुआना या सीमेवरील शहरात येतो, अंगात तारा जोडण्याची छिद्रे पाडून घेतो आणि पलीकडील गगनचुंबी इमारतीवर जोडकाम करणारा यंत्रमानव चालवू लागतो. अतिश्रमाने कामगार कोसळतात, म्हणून या कारखान्यांना ‘स्लीप डीलर’ हे नाव पडले आहे.

चित्रपटाचे मर्म ड्रोनचालक रूडी या पात्रात आहे. मेक्सिकन वंशाचा हा अमेरिकी तरुणही दूरस्थ कामगारच आहे. एक जण दुरून इमारत बांधतो, दुसरा दुरून माणूस मारतो, तंत्र एकच. अपराधाच्या जाणिवेने रूडी सीमा ओलांडून मेमोला शोधत येतो आणि त्याच कारखान्यातील यंत्रणा वापरून धरण फोडतो. सीमेच्या दोन्ही बाजूंच्या कामगारांची प्रत्यक्ष भेट होते, तेव्हाच अनुपस्थित मालकाचा पत्ता सापडतो : नदी अडवणारी, ड्रोन धाडणारी आणि श्रम आयात करणारी व्यवस्था एकच आहे. शेवट मात्र काहीसा सोपा आहे. धरणाला भगदाड पडते, पण कारखाना तसाच चालू राहतो. सामूहिक कृतीच्या जागी एका वीराचे साहस येते. तरीही प्रश्न अचूक मांडण्यात हा चित्रपट इतर दोन कलाकृतींच्या पुढे आहे.

६. कलाकृतीबाहेरील वास्तव

हा प्रश्न केवळ कथनतंत्राचा नाही. न्यूयॉर्क हिवाळ्यात भारताच्या साडेदहा तास मागे असते आणि उन्हाळ्यात साडेनऊ तास. तेथील घड्याळे एक तास पुढे झाली की पुण्या-मुंबईतील पाळीची वेळ बदलते. सूर्यास्त आपला, कामाचा दिवस त्यांचा. या उलट्या दिनक्रमाची किंमत कोण देतो, हे पुण्याने २००७ साली पाहिले. रात्रपाळीला निघालेल्या एका तरुण कर्मचारी महिलेवर कंपनीने ठरवलेल्या वाहनाच्या चालकाने व त्याच्या साथीदाराने अत्याचार करून तिचा खून केला. महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना अधिनियमाने रात्री साडेनऊ ते सकाळी सात या वेळेत स्त्रियांना कामावर ठेवण्यासाठी त्यांची संमती आणि पुरेशी सुरक्षा व्यवस्था या अटी घातल्या. ही जबाबदारी येथील आस्थापनेची आहे. ज्याच्या दिवसासाठी ही रात्र जागवली जाते, तो परदेशी ग्राहक-उद्योग या चौकटीत येत नाही.

२०२० च्या महासाथीनंतर घरी बसून थेट परदेशी कंपनीचे काम करण्याची पद्धत रुळली. त्यात अनेकदा स्थानिक आस्थापनाही मध्ये नसते. करारात कामगाराला ‘स्वतंत्र कंत्राटदार’ म्हटले जाते. मग भविष्य निर्वाह निधी, उपदान, प्रसूती रजा हे शब्दच लागू होत नाहीत. मोबदला चांगला असू शकतो, रोजचा प्रवास वाचतो, गावी राहता येते; हे लाभ नाकारण्याचे कारण नाही. परंतु भगत यांच्या पात्रांना निदान एकत्र चहा पिण्याची जागा होती. आता तीही उरलेली नाही. टीम लीडरही पडद्यावरील एक चौकट झाला आहे.

७. निष्कर्ष

१) सीमापार दूरस्थ श्रमाचे चित्रण करणाऱ्या कलाकृतीचे मोल तिने अनुपस्थित मालकाचा शोध किती नेटाने घेतला, यावरून ठरवता येते.

२) ‘वन नाइट अ‍ॅट द कॉल सेंटर’ ही जागा सोयीस्कर खलनायकाने आणि ईश्वराने भरते, ‘जॉन अँड जेन’ ती प्रामाणिकपणे रिकामी ठेवतो, ‘स्लीप डीलर’ ती शोधण्याचा मार्ग दाखवतो.

३) अस्मितेची चर्चा श्रमाच्या चर्चेपासून तोडली तर समीक्षाही मालकाला अदृश्य ठेवण्यास हातभार लावते.

४) गिरणगावाच्या साहित्याने मराठीला श्रमाची भाषा दिली आहे. ती भाषा आता फाटक नसलेल्या कारखान्यासाठी वापरावी लागेल. आज आपल्या वर्गात बसलेले अनेक विद्यार्थी उद्या याच कारखान्यात, बहुधा आपल्याच घरातील एका खोलीत, कामाला बसणार आहेत. पाळी कोणाची आणि घड्याळ कोणाचे, हे विचारण्याचे शिक्षण त्यांना अर्थशास्त्राच्या वर्गात मिळावे तसेच साहित्याच्या वर्गातही मिळाले पाहिजे.