‘आम्ही’ म्हणणारी मुलगी

न्यूयॉर्क टाइम्स या दैनिकाच्या रविवारच्या नियतकालिकात २३ एप्रिल १९७२ रोजी एक दीर्घ लेख प्रसिद्ध झाला. लेखिका होती येल विद्यापीठात पहिल्या वर्षाला शिकणारी जॉईस मेनार्ड ही अठरा वर्षांची मुलगी. आपण कसे वाढलो, काय पाहत वाढलो आणि त्यातून कसे घडलो, याचा आढावा तिने घेतला होता. मुखपृष्ठावर तिचे छायाचित्र झळकले, वाचकांच्या पत्रांचा पाऊस पडला आणि वर्षभरात त्या लेखाचे ‘लुकिंग बॅक’ नावाचे पुस्तक झाले. एका पिढीचा आवाज सापडला, असे मोठ्यांना वाटले. आज पन्नासहून अधिक वर्षांनी तो लेख पुन्हा वाचावासा वाटतो, याचे कारण त्यात जे सांगितले आहे त्याहूनही जे सांगितलेले नाही, ते अधिक विचार करावयास लावणारे आहे.

जॉईसचा जन्म १९५३ सालचा. न्यू हॅम्पशायर राज्यातील डरहॅम या विद्यापीठाच्या छोट्या गावी ती वाढली. वडील मॅक्स मेनार्ड इंग्रजीचे प्राध्यापक आणि चित्रकार. त्यांचा जन्म आपल्या भारतातला. त्यांचे इंग्रज आईवडील येथे ख्रिस्ती धर्मप्रचारक म्हणून आले होते. आई फ्रेडेल ही कॅनडात स्थायिक झालेल्या ज्यू कुटुंबातली, इंग्रजी साहित्यात डॉक्टरेट मिळवलेली विदुषी. मासिकांसाठी ती लेखन करी आणि दोन्ही मुलींच्या लेखनावर बारीक नजर ठेवी. मुलींनी लिहिलेले घरातच मोठ्याने वाचावयाचे, आईवडिलांनी वाक्यावाक्यावर मत द्यावयाचे, असा त्या घरचा रिवाज होता. अठराव्या वर्षी जॉईसच्या लेखणीला जी सफाई होती, ती अशी बालपणापासून कमावलेली होती.

लेखाचा विषय रोजचे जगणे हा आहे. अमेरिकेत १९६०च्या सुमारास दहांपैकी जवळजवळ नऊ घरांत दूरचित्रवाणी संच आलेला होता. त्या पडद्यासमोर आपले किती तास गेले, याचा जॉईस हिशेब मांडते. ऑक्टोबर १९६२मधील क्यूबाच्या क्षेपणास्त्र पेचप्रसंगात उद्या जग उरेल की नाही अशी मुलांना वाटलेली भीती, १९६३ साली झालेली केनेडींची हत्या, बीटल्सचे वेड, १९५९ साली बाजारात आलेली बार्बी बाहुली, महाविद्यालयीन वसतिगृहातील गांजा आणि कौमार्य जपणाऱ्या मुलीलाच लाजवणारे वातावरण, या साऱ्यांतून ती आपल्या पिढीचे चित्र उभे करते. फार लवकर फार काही पाहून झाले, आता निवृत्त होऊन कोठेतरी शांतपणे राहावे, असा थकवा त्या चित्रावर पसरलेला आहे. अठराव्या वर्षीचा हा थकवा वाचून तिच्या आजीच्या वयाचे वाचकही चकित झाले असतील.

लेखाचे गुण मान्य केलेच पाहिजेत. संस्कार केवळ पाठशाळेत आणि प्रार्थनामंदिरात होत नाहीत. ते बाहुलीतून, गाण्यातून, जाहिरातीतून आणि शेजारणीच्या पोशाखातूनही होतात, हे तिने कोणतीही परिभाषा न वापरता दाखवून दिले. एखादे मूल काय खेळते याकडे लक्ष दिले, तर त्याला मोठेपणी कोण व्हावेसे वाटेल याचा अंदाज बांधता येतो, हे तिचे निरीक्षण समाजशास्त्रज्ञालाही उपयोगी पडावे. शिवाय ती स्वतःला या साऱ्याच्या वर ठेवत नाही. ज्या पडद्याला ती दोष देते, त्याच्यापुढे बसून आपण किती रमलो होतो, हेही ती सांगून टाकते.

तरीही या लेखात एक शब्द आहे, जो समीक्षकाला थांबवतो. तो शब्द आहे ‘आम्ही’. जॉईस वारंवार ‘आम्ही’ म्हणते. हे ‘आम्ही’ कोण? फिलिप्स एक्झिटर या प्रतिष्ठित शाळेने १९७० साली प्रथमच मुलींना प्रवेश दिला, तेव्हा जॉईस तेथे गेली. येलनेही पदवीच्या वर्गांची दारे मुलींना उघडली ती १९६९ सालीच. म्हणजे हे फार थोड्यांच्या वाट्याला आलेले तारुण्य होते. तिच्याच वयाच्या, १९५३ साली जन्मलेल्या मुलग्यांची लष्करभरतीची सोडत २ फेब्रुवारी १९७२ रोजी, म्हणजे हा लेख येण्याच्या अडीच महिने आधी काढण्यात आली होती. व्हिएतनामचे युद्ध चालू होते. त्या मुलग्यांना पुढे बोलावणे आले नाही, परंतु एप्रिल महिन्यात हे कोणाला ठाऊक होते? सोडतीत खालचा आकडा आलेला मजुराचा मुलगा आणि निवृत्तीची स्वप्ने रंगवणारी येलची विद्यार्थिनी यांना एकाच ‘आम्ही’त बसवता येईल, असे मला वाटत नाही.

हा आक्षेप त्या वेळीही घेता आला असता. दुसरा आक्षेप घेण्यासाठी मात्र १९९८ सालाची वाट पाहावी लागली. त्या वर्षी मेनार्ड यांचे ‘ॲट होम इन द वर्ल्ड’ हे आत्मकथन प्रसिद्ध झाले. लेखिका आता चव्वेचाळीस वर्षांच्या, तीन मुलांच्या आई होत्या. या पुस्तकात त्यांनी प्रथमच सविस्तर सांगितले की, वडील मद्याच्या आहारी गेले होते. घरातील प्रत्येकाला ते ठाऊक होते आणि घरातील कोणीही त्याचा उच्चार करीत नसे. येलमध्ये असताना आपण बारीक राहण्यासाठी स्वतःला उपाशी ठेवत होतो, हेही त्यांनी लिहिले.

आता १९७२चा लेख पुन्हा उघडावा. दूरचित्रवाणीने घरात काय आणले याची त्यात बारकाईने नोंद आहे; पण त्या संचाच्या मागच्या खोलीत काय चालले होते, याविषयी एक अक्षरही नाही. आपल्या संगोपनाविषयी लिहावयास बसलेल्या मुलीने सर्व काही सांगितले आणि संगोपनाचे मर्म तेवढे वगळले. ‘आम्ही’ हा शब्द येथे तिच्या मदतीला आला. पिढीविषयी बोलले की घराविषयी बोलावे लागत नाही. केनेडींच्या मृत्यूचे दुःख साऱ्या देशाचे होते, त्यामुळे ते मोकळेपणाने मांडता आले. वडिलांच्या पेल्याचे दुःख तिचे एकटीचे होते, त्याला जागा मिळाली नाही.

याला लबाडी म्हणणे अन्यायाचे ठरेल. अठरा वर्षांच्या लेकीने आपल्या पित्याचे व्यसन देशभरच्या वाचकांपुढे मांडावे, अशी अपेक्षा कोण करील? मातापित्यांचा मान राखणे हे आपणही आपल्या मुलांना शिकवतो. माझा आक्षेप त्या मुलीवर नसून तिला ‘पिढीचा आवाज’ ठरवणाऱ्या प्रौढांवर आहे. मोठ्यांना तिच्या लेखात आपल्याला हवे तेच सापडले. मूल हुशार आहे, मूल सारे काही जाणते, मूल आपल्याहून अधिक प्रौढ आहे, असे एकदा म्हटले की त्या मुलाची काळजी घेण्याची जबाबदारी संपते.

त्यानंतर जे घडले ते याच अंधत्वाचे फळ होय. लेख वाचून पत्रे पाठवणाऱ्यांत जे. डी. सॅलिंजर हे ख्यातनाम कादंबरीकार होते. ते त्रेपन्न वर्षांचे, ती अठरा वर्षांची. पत्रव्यवहार वाढत गेला. जॉईसने येल सोडले आणि ती कॉर्निश या गावी त्यांच्या घरी राहावयास गेली. १९७३ साली त्यांनी तिला दूर केले. ‘लुकिंग बॅक’ हे पुस्तक तिने त्यांच्याच घरी राहून लिहिले, आणि वाचकाला त्या घराचा पत्ताही लागत नाही. एक मौन पुरेसे नव्हते म्हणून की काय, त्यावर दुसरे चढले.

१९९८ साली मेनार्ड यांनी हे उघड केले, तेव्हा अनेक समीक्षक त्यांच्यावरच तुटून पडले. एका महान लेखकाच्या एकांताचा भंग झाला, ही त्यांची तक्रार होती. मला ही तक्रार पटत नाही. ज्यांच्याविषयी समाजाला आदर असतो, मग तो लेखक असो, शिक्षक असो वा धर्मगुरू, त्यांच्या एकांताच्या रक्षणासाठी कोणा दुर्बलाने आयुष्यभर तोंड मिटून बसावे, असे कोणतीही नीती सांगत नाही. पुस्तक साहित्य म्हणून निर्दोष आहे असे नव्हे. त्याचा विस्तार आवरावयास हवा होता. पण तेथे लेखिका ‘आम्ही’ सोडून ‘मी’वर आल्या आहेत, आणि त्यामुळेच तिच्या पिढीतील कितीतरी वाचकांना त्यात आपले घर ओळखता आले असेल.

येथे आपल्याला लक्ष्मीबाई टिळकांचे स्मरण होणे स्वाभाविक आहे. १९३४पासून भागाभागाने प्रसिद्ध झालेल्या ‘स्मृतिचित्रां’त वडिलांचे सोवळ्याचे वेड आणि त्यापायी घरादाराचे झालेले हाल त्या सांगतात. रेव्हरंड टिळकांचा संताप आणि त्यांचे न सांगता घर सोडून जाणेही त्या लपवत नाहीत. तरीही वाचकाच्या मनात पित्याविषयी वा पतीविषयी तिरस्कार उत्पन्न होत नाही. हसत हसत सांगितल्यामुळे सत्याची धार बोथट झालेली नाही. मात्र ती कोणाला जखम करीत नाही. लक्ष्मीबाईंना हे साधले, कारण त्यांनी उतारवयात, सारे पचवून लिहिले. जॉईसकडून ते अठराव्या वर्षी मागितले गेले.

आपल्या धर्मग्रामांच्या विशेषांकांत आणि निबंधस्पर्धांतही ‘आजची तरुण पिढी’ हा विषय हमखास असतो. मोबाईल, मालिका, परदेशी जाण्याची ओढ यांवर मुले सफाईदार लिहितात आणि आपण पारितोषिके देतो. ते लेख वाचताना एवढेच पाहावे की, त्यांत घर कोठे आहे? ते नसेल तर त्या मुलाला ते लिहावयास लावू नये. कागदावर सारे आलेच पाहिजे असे नाही. पण आपल्या स्वयंपाकघरात, जेवणाच्या पाटावर, त्याला ते बोलता येते का, हे आईवडिलांनी स्वतःला विचारावे.

मेनार्ड यांनी पुढे अनेक कादंबऱ्या लिहिल्या. २०१८ साली, चौसष्ट वर्षांच्या असताना, त्या विद्यार्थिनी म्हणून पुन्हा येलमध्ये गेल्या आणि नातवंडे शोभावीत अशा मुलांच्या शेजारी बसून शिकू लागल्या. अठराव्या वर्षी जिला सारे पाहून झाल्यासारखे वाटत होते, तिला अजून बरेच शिकावयाचे राहिले होते.