उघड साधने आणि त्यांची पारख

इंटरनेटवर सर्वांस खुली असलेली छायाचित्रे, नकाशे, उपग्रहचित्रे व कागदपत्रे यांवरून एखाद्या घटनेचा छडा लावण्याचे शिक्षण अलीकडे ऑनलाइन वर्गांतून दिले जाते. प्रारंभी पत्रकारांपुरते असलेले हे वर्ग आता विद्यार्थ्यांसही उपलब्ध आहेत. पदव्युत्तर अभ्यासक्रमातील संशोधनपद्धतीची जागा हे शिक्षण घेऊ शकेल काय, असा प्रश्न त्यामुळे उत्पन्न होतो. त्याचा विचार करणे, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

ही विद्या सर्वस्वी नवी नाही. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, 1939 मध्ये ब्रिटनने व 1941 मध्ये अमेरिकेने, परराष्ट्रांची नभोवाणी ऐकून तीवरून अनुमाने काढण्यासाठी स्वतंत्र यंत्रणा उभारल्या. पद्धतीचा विचार तर त्याहून जुना आहे. 1898 मध्ये राजवाड्यांनी ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेचा पहिला खंड काढला. त्याच वर्षी फ्रान्समध्ये लांग्ल्वा व सेन्योबो यांचा इतिहासपद्धतीवरील ग्रंथ प्रसिद्ध झाला आणि साधनाची बहिरंगपरीक्षा व अंतरंगपरीक्षा हा भेद अभ्यासकांच्या परिचयाचा झाला. छायाचित्र कोठे घेतले, केव्हा घेतले, प्रथम कोठे प्रकटले, त्यात फेरफार झाला आहे काय, हे जे प्रश्न ऑनलाइन वर्गांत विचारले जातात, ते सारे बहिरंगपरीक्षेचेच आहेत.

त्यांचे मोल कमी लेखण्याचे कारण नाही. 1 जुलै 2018 रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे मुले पळविणारी टोळी समजून जमावाने पाच भटक्या भिक्षेकऱ्यांना ठार केले. त्या वर्षी देशात फिरलेल्या अशा ध्वनिचित्रफितींपैकी एक तर कराचीत बालसुरक्षेच्या प्रचारासाठी केलेली होती. तिचा खुलाशाचा शेवट तेवढा कापलेला होता. मूळ फीत शोधून काढण्याची साधी युक्ती अंगवळणी असती, तर निदान तो एक पुरावा तत्काळ निकालात निघाला असता. दुसरे टोक पाहावयाचे तर 17 जुलै 2014 रोजी युक्रेनवर पाडलेल्या मलेशियाच्या विमानाचे आहे. क्षेपणास्त्रवाहक गाडीचा मार्ग बेलिंगकॅट या गटाने लोकांनी टिपलेल्या चित्रांवरून जुळविला, आणि 2022 मध्ये नेदरलंड्सच्या न्यायालयाने तिघांस त्यांच्या गैरहजेरीत दोषी ठरविले. कापलेल्या फितीपासून न्यायालयापर्यंत या विद्येची पोच आहे, हे मान्य केलेच पाहिजे.

परंतु तिच्या मर्यादाही तितक्याच स्पष्ट आहेत. जून 2020 मध्ये बुलढाणा जिल्ह्यातील लोणार सरोवराचे पाणी गुलाबी झाल्याची चित्रे सर्वत्र पसरली. ती खरी की रंगविलेली, या शंकेचे उत्तर 25 मे व 10 जून या दिवसांची उपग्रहचित्रे शेजारीशेजारी ठेवताच मिळाले. तथापि पाणी गुलाबी का झाले, हे कोणत्याही उपग्रहचित्रावरून सांगता आले नसते. वाढलेल्या क्षारतेत फोफावणाऱ्या सूक्ष्मजीवांचे कारण पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने प्रत्यक्ष पाणी तपासून दाखविले. ‘झाले काय’ याचे उत्तर उघड साधनांनी दिले; ‘का झाले’ यासाठी सरोवराच्या काठी जावे लागले.

दुसरी मर्यादा नावाची आहे. शोधयंत्रास आधी नाव द्यावे लागते. बुलढाण्याजवळचे, पैनगंगेकाठचे देऊळघाट घ्या. रोमन लिपीत या नावाची रूपे एकाहून अधिक होतात, आणि त्याच जिल्ह्यात देऊळगाव राजा व देऊळगाव मही ही गावे असल्यामुळे शोध सहज भलतीकडे जातो. जुन्या इंग्रजी ग्रंथांत खुद्द बुलढाण्याचे नावही ‘बुलडाणा’ अशा रूपात येते. त्याहून कठीण प्रश्न दप्तराचा आहे. हा मुलूख 1853 च्या तहाने निजामाकडून कंपनीच्या कारभारात आला, 1903 मध्ये मध्यप्रांतास जोडला गेला, 1956 मध्ये द्विभाषिक मुंबई राज्यात गेला आणि 1960 मध्ये महाराष्ट्रात आला. महसुलाचा जुना कागद हैदराबादेस शोधावा, नागपुरास की मुंबईस, हे ज्यास ठाऊक नाही, त्याच्या हाती कितीही चांगले शोधयंत्र दिले तरी उपयोग व्हावयाचा नाही. हे ज्ञान कोणत्याही युक्तीत मावत नाही. ते इतिहासाच्या वाचनानेच येते.

यातूनच सर्वांत मोठा धोका संभवतो. जे जालावर सापडले नाही ते अस्तित्वातच नाही, अशी समजूत नवशिक्याच्या मनात नकळत रुजते. मोठ्या शहरांविषयी ती फारशी नडणार नाही. देऊळघाटासारख्या गावाविषयी मात्र ती अनर्थकारक ठरेल. राजवाडे गावोगाव हिंडून दप्तरे धुंडाळीत, ते साधन आपण होऊन समोर येत नाही हे जाणून.

शेवटचा प्रश्न नीतीचा आहे. शेतजमिनीचा सात-बारा आज घरबसल्या पाहता येतो; त्यावर खातेदारांची नावे असतात. कायद्यान्वये जाहीर करावी लागलेली माहिती 2023 च्या वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याच्या कक्षेतूनही वगळलेली आहे. परंतु कायद्याने मोकळे ते सर्व संशोधकाने वापरावेच असे नव्हे. सात-बारा, मतदारयादी व लग्नाची छायाचित्रे वेगवेगळी असताना निरुपद्रवी असतात. एकत्र केली की एका कुटुंबाचे संपूर्ण जीवन उघडे पडते. ही जुळणी हेच या विद्येचे सामर्थ्य असल्यामुळे तिची जबाबदारीही जुळणी करणाऱ्यावरच येते. मानवी हक्कभंगाच्या चौकशीसाठी 2020 मध्ये तयार झालेल्या बर्कली संहितेने या जबाबदारीची दखल घेतली आहे. ती शिक्षणात परिशिष्ट म्हणून नव्हे, तर पहिल्याच पाठात यावयास हवी.

तात्पर्य, या वर्गांचा स्वीकार साधनपरीक्षेचा एक भाग म्हणून करावा. तिचा पर्याय म्हणून नव्हे. आमची सूचना साधी आहे. प्रत्येक विद्यार्थ्याने आपल्या गावाची एक घटना घ्यावी, ती प्रथम जालावर शोधावी, मग तलाठ्याच्या दप्तरात व गावातील वृद्धांकडे शोधावी, आणि दोहोंतील अंतर लिहून काढावे. त्या अंतराचे ज्यास नीट वर्णन करता आले, त्याच्या हाती शोधयंत्र निर्धास्तपणे द्यावे.